प्रश्न वाचकांचे : वाफेच्या इंजिनांचे स्थानक पाहायला जाताना

वाफेच्या इंजिनांचे जतन करणारी स्थानके, तेथे काय पाहावे आणि कसे जावे, याविषयी बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या भागांतील वाचकांची पत्रे आमच्याकडे आली आहेत. त्यांतील काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. जागेच्या मर्यादेमुळे पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचा मुलगा इंग्लंडमध्ये लीड्स येथे नोकरीला आहे. येत्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. तेथून जवळच कीथली या गावी वाफेच्या गाड्यांचे जतन केलेले स्थानक असून सहा वर्षांच्या नातवाला तिकडे न्यावे, असे सूनबाई सुचवतात. मिरज-लोंढा मार्गावरची मीटर गेजची कोळशाची इंजिने मला चांगली आठवतात, त्यामुळे माझी ओढ आहेच. परंतु आठ किलोमीटरच्या गाडीसाठी अख्खा दिवस कशाला मोडायचा, असे सौ.चे म्हणणे आहे. तिला गुडघेदुखीचा त्रास आहे, हेही ध्यानात घेऊन मार्गदर्शन करावे.
– एक निवृत्त शिक्षक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपल्या सौभाग्यवतींचा हिशेब गाडीपुरता बिनचूक आहे. कीथली ते ऑक्सनहोप हे अंतर पाच मैलांचे, म्हणजे आठ किलोमीटरचे आहे आणि गाडी ते सुमारे पंचवीस मिनिटांत कापते. नुसते बसून जायचे आणि बसून परतायचे ठरवले, तर सारे तास-सव्वा तासात उरकते आणि ‘एवढ्यासाठी आलो होय?’ असे वाटल्यावाचून राहत नाही. परंतु अशा ठिकाणी प्रवास हे निमित्त असते. पाहायचे असते ते स्थानक, आणि तेही गाडी उभी असताना. ती निघण्यापूर्वी आणि पोचल्यानंतर फलाटावर, रुळांवर आणि इंजिनाच्या कप्प्यात जे काम चालते, त्यासाठी दिवस राखून ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या मार्गाची थोडी पार्श्वभूमी माहीत असली म्हणजे तेथील बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. वर्थ नदीच्या खोऱ्यात कापड गिरण्या होत्या आणि त्यांना कोळसा व कच्चा माल पोचवायला रेल्वे हवी होती, म्हणून स्थानिक गिरणीमालकांनीच पुढाकार घेऊन हा फाटा उभा केला. ओकवर्थजवळ एका गाईने मार्गाचे नकाशेच खाल्ल्यामुळे काम लांबले, अशी कथा तेथे मोठ्या चवीने सांगतात; खरीखोटी कशीही असो, १८६७ मध्ये गाडी सुरू झाली. पुढे ब्रिटिश रेल्वेने तोट्याचे कारण देऊन १९६२ मध्ये ती बंद केली. त्याच वर्षी गावकऱ्यांनी आणि रेल्वेप्रेमींनी संस्था स्थापन करून मार्ग विकत घेण्याची खटपट सुरू केली आणि जून १९६८ मध्ये त्यांनी स्वतःची गाडी धाववली. ब्रिटनच्या मुख्य मार्गांवरून वाफेची नियमित वाहतूक त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये संपली, म्हणजे सरकारी वाफ विझण्याच्या बेतात असताना या मंडळींनी आपली पेटवली. आजही तिकीट देणारे, झेंडी दाखवणारे, कोळसा मारणारे बहुतेक लोक विनावेतन काम करणारे स्वयंसेवक आहेत. कोणी निवृत्त अभियंता असतो, कोणी बँकेत नोकरी करणारा असतो. त्यांना प्रश्न विचारले की ते मनापासून उत्तर देतात. मात्र गाडी सुटण्याच्या ऐन वेळी त्यांना अडवू नये.

लीड्सहून नेहमीच्या रेल्वेने कीथलीला पोचायला अर्ध्या तासाच्या आत-बाहेर वेळ लागतो. सोयीची गोष्ट अशी, की वाफेची गाडी त्याच स्थानकाच्या तीन आणि चार क्रमांकांच्या फलाटांवरून सुटते, त्यामुळे दुसरीकडे कुठे जावे लागत नाही. एकेरी प्रवासाचे तिकीट घेऊ नका. दिवसभर हवे तेथे उतरून पुन्हा चढण्याची मुभा देणारे तिकीट मिळते, तेच घ्यावे. आणखी एक खबरदारी महत्त्वाची आहे. गाड्या वर्षभर रोज धावत नाहीत आणि वेळापत्रकातील काही फेऱ्या डिझेलच्या असतात. घरून निघण्यापूर्वी संकेतस्थळावर त्या दिवसाच्या फेऱ्या पाहून कोणती गाडी वाफेची आहे, याची खात्री सूनबाईंकडून करून घ्यावी, नाहीतर नातवाचा हिरमोड व्हायचा.

वाटेतल्या स्थानकांपैकी इनग्रोला अवश्य उतरावे. तेथील दगडी इमारत मूळची तेथली नव्हे. शेजारच्या लँकेशायर परगण्यातील फाउलरिज येथील बंद पडलेले स्थानक दगड दगड सुटा करून येथे आणले आणि पुन्हा जसेच्या तसे उभे केले आहे. आवारात जुन्या डब्यांचे संग्रहालय आहे. त्यातील काही डब्यांत आत शिरून लाकडी बाकांवर बसता येते, आणि पहिल्या व तिसऱ्या वर्गांतला फरक कळायला पाटीवरचा मजकूर वाचण्यापेक्षा गादीवर टेकून पाहणे केव्हाही चांगले. बाजूलाच इंजिनांचा एक छोटा संग्रह आहे. त्यापुढचे डेमेम्स म्हणजे जेमतेम एका डब्याएवढ्या फलाटाचे स्थानक. उतरायचे असल्यास गार्डला आधी सांगावे लागते. ते गाडीतून पाहिले तरी पुरे.

ओकवर्थ मात्र सावकाश पाहण्याजोगे आहे. फलाटावर गॅसचे दिवे आहेत, प्रतीक्षालयात कोळशाची शेगडी आहे, भिंतीवर पत्र्याच्या रंगीत जाहिराती आहेत आणि सामान वाहण्याच्या हातगाडीवर जुन्या चामडी पेट्या रचून ठेवल्या आहेत. १९७० मधील एका प्रसिद्ध इंग्रजी बालचित्रपटाचे चित्रण येथे झाल्यामुळे तेथे त्या चित्रपटाच्या चाहत्यांची वर्दळ असते. ती गर्दी टाळायची असेल, तर सकाळची पहिली गाडी गाठावी.

हॉवर्थला इंजिनांची शेड आहे आणि गावात इंग्रजी कादंबरीकार ब्राँटे भगिनींचे घर संग्रहालय म्हणून जपले आहे. बहुतेक प्रवासी त्यासाठीच उतरतात. येथे सौ.च्या गुडघ्यांचा विचार करावा लागेल, कारण स्थानक दरीच्या तळाशी आणि गाव टेकडीच्या माथ्यावर आहे. मधला मुख्य रस्ता दगडी फरशांचा आणि चांगलाच चढाचा आहे. आपल्याकडच्या पायऱ्या नसलेल्या गडवाटेची आठवण व्हावी, इतका. वर जायचेच असेल, तर टॅक्सी करावी. रेल्वेपुरतेच बोलायचे, तर शार्लट, एमिली आणि अ‍ॅन यांपैकी एकीनेही ही गाडी पाहिली नाही. तिघींतील शेवटची शार्लट १८५५ मध्ये गेली आणि गाडी आली १८६७ मध्ये. तेव्हा ते घर राहून गेले, तर रेल्वेच्या दृष्टीने काही चुकले असे मानू नये.

शेवटचे स्थानक ऑक्सनहोप. गाडी थांबताच लोक भराभरा उतरून चहाच्या टपरीकडे किंवा इंजिनांच्या प्रदर्शन-शेडकडे धाव घेतात. आपण तसे करू नका. नातवाला घेऊन फलाटाच्या पुढच्या टोकाला जाऊन उभे राहा. कामगार इंजिन आणि पहिला डबा यांच्या मधल्या फटीत उतरतो. इंजिन किंचित मागे सरकून डब्याला टेकते, त्यामुळे मधली साखळी सैल पडते. मग तो ब्रेकच्या नळ्या सोडवतो, तेव्हा ‘फस्स’ असा आवाज होतो. साखळीचा मळसूत्री दांडा तो हाताने फिरवत ढिला करतो, वजनदार कडी आकड्यातून उचलून खाली सोडतो आणि वाकून बाहेर येतो. इंजिन एकटेच पुढे जाते, सांधे बदलले जातात, शेजारच्या रुळावरून ते डब्यांच्या बाजूने मागे जाते आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला येऊन लागते. इंजिन फिरवण्याची चकती तेथे नाही, त्यामुळे परतीच्या वाटेवर ते उलट्या तोंडाने धावते. हा सगळा खटाटोप दहा-पंधरा मिनिटांत संपतो आणि मुलांना तो गाडीत बसण्यापेक्षा अधिक आवडतो. त्या वेळी ड्रायव्हरला नम्रपणे विचारल्यास तो कधीकधी मुलाला पायरीवर चढवून भट्टीचे तोंड उघडून दाखवतो. आतला जाळ नारिंगी नसून जवळजवळ पांढरा दिसतो आणि क्षणभरच पाहिला तरी चेहरा तापतो.

आपण मीटर गेजच्या काळातले प्रवासी आहात, तेव्हा आणखी एका गोष्टीकडे आपले लक्ष जाईलच. मार्ग एकेरी असल्यामुळे समोरासमोर गाड्या येऊ नयेत, म्हणून सिग्नलवाला ड्रायव्हरच्या हाती टोकन देतो. ते हातात असल्याशिवाय त्या टप्प्यात गाडी नेता येत नाही. आपल्याकडे वेताच्या कड्याला बांधलेल्या पिशवीतून लोखंडी गोळा दिला-घेतला जात असे, त्याचाच हा भाऊबंद. खानापूर, गुंजी या स्थानकांवर धावत्या गाडीतून ते कडे हाताच्या कोपरात झेलणारा फायरमन आपण पाहिला असेल, तर नातवाला ते वर्णन करून सांगावे. आजोबांना हे सारे ठाऊक आहे, याचे त्याला अप्रूप वाटेल.

हाताशी आणखी एक दिवस असेल, तर यॉर्कचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय पाहावे. लीड्सहून ते जवळ आहे आणि प्रवेश विनामूल्य आहे. १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांचा, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटरचा विक्रम करणारे ‘मॅलर्ड’ इंजिन तेथे उभे आहे. त्याहून उपयुक्त म्हणजे, एक प्रचंड इंजिन कुशीतून उभे कापून आतल्या नळ्या, भट्टी आणि दट्ट्या (पिस्टन) उघड्या करून ठेवले आहे. आमच्या मते यॉर्क आधी आणि कीथली नंतर, हा क्रम योग्य. कारण यॉर्कची इंजिने थंड आहेत, आणि गरम इंजिन पाहिल्यावर थंड इंजिनासमोर मुले फार वेळ थांबत नाहीत.

प्रश्न : वाफेचे इंजिन पेटवल्यानंतर ते धावण्याजोगे व्हायला कित्येक तास लागतात, असे वाचले. पाणी तर घरी दहा मिनिटांत उकळते. मग इतका वेळ कशासाठी? आणि ‘झुकझुक’ हा आवाज नेमका कशाचा?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, चिकोडी

उत्तर : प्रश्न पाणी उकळण्याचा नाही, लोखंड सावकाश तापवण्याचा आहे. बॉयलर म्हणजे जाड पत्र्याचे पिंप असते. त्याच्या एका टोकाला भट्टी असते आणि भट्टीतले गरम वायू पिंपात बसवलेल्या शेकडो नळ्यांतून दुसऱ्या टोकाला जातात. नळ्यांभोवती पाणी असते. एकदम मोठा जाळ केला, तर भट्टीकडचा भाग फुगतो आणि दूरचा भाग थंडच राहतो. हा ताण सांध्यांवर येतो, नळ्या सैल पडतात आणि गळती सुरू होते. मातीचे कोरे मडके थेट रखरखत्या जाळावर ठेवीत नाहीत, तसेच हे आहे. म्हणून गार पडलेले इंजिन पुष्कळ ठिकाणी आदल्या दिवशीच मंद पेटवून ठेवतात आणि पहाटे माणसे येऊन राख काढतात, पुढच्या पेटीतली काजळी उपसतात, सांध्यासांध्याला तेल देतात आणि मगच जाळ वाढवतात. सकाळी दहाच्या गाडीसाठी कोणीतरी पहाटे चारपासून राबत असतो, हे तिकिटाचा दर पाहताना आठवावे.

आवाजाविषयी असे, की दट्ट्या ढकलून झाल्यावर उरलेली वाफ धुराड्यातून जोराने वर सोडतात. दोन दट्ट्यांच्या इंजिनात प्रत्येक दट्ट्या पुढे आणि मागे अशा दोन्ही वेळा वाफेने ढकलला जातो, त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके ऐकू येतात. यातली खरी गंमत पुढे आहे. धुराड्यातून सुसाटणारी ही वाफ आपल्याबरोबर भट्टीतला धूर ओढून नेते, त्यामुळे भट्टीत खालून ताजी हवा शिरते आणि जाळ भडकतो. म्हणजे चढावर इंजिन जितके जोर लावते तितकी त्याची भट्टी आपोआप पेटते. वेगळा भाता लागत नाही. गाडी सुटताना डोळे मिटून ठोके मोजून पाहावेत.

ब्रिटनमधील जतन केलेल्या इंजिनांचे बॉयलर साधारण दहा वर्षांनी पूर्ण उतरवून तपासावे लागतात. शेडमध्ये अर्धीमुर्धी सोडवलेली इंजिने दिसली, तर ती भंगारात निघाली आहेत असे समजू नका. त्यांची पाळी आलेली असते. तेथील खाणी बंद झाल्यामुळे योग्य प्रतीचा कोळसा आता परदेशातून आणावा लागतो, ही त्या संस्थांपुढची मोठी अडचण आहे.

प्रश्न : परदेशी जाणे आम्हांला शक्य नाही. निपाणीहून सहकुटुंब दिवाळीच्या सुट्टीत जाता येईल, असे वाफेच्या गाडीचे ठिकाण सुचवावे. उटीच्या गाडीविषयी ऐकले आहे. सोबत सत्तरीच्या सासूबाई आणि दोन मुली असतील.
– एक गृहिणी, निपाणी

उत्तर : उटीची गाडी हीच योग्य निवड आहे, परंतु दिवाळी टाळावी, असा आमचा आग्रह राहील. आपल्याकडे पाऊस संपलेला असतो, तेव्हाच निलगिरीच्या त्या उतारावर ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात दरडी कोसळून मार्ग दिवसेंदिवस बंद राहण्याचे प्रसंग वारंवार येतात. मुलींच्या शाळेचे वेळापत्रक जमत असेल, तर जानेवारीनंतर जावे.

दुसरी गोष्ट, तिकीट नेमके कोणते काढायचे. मेट्टुपालयम ते उटी हा मार्ग ४६ किलोमीटरचा आहे आणि समुद्रसपाटीपासून ३२६ मीटरवरून २,२०३ मीटरपर्यंत चढतो. यांपैकी मेट्टुपालयम ते कुन्नूर हाच टप्पा वाफेचा आहे. कुन्नूरपासून पुढे सहसा डिझेल इंजिन लागते. पुष्कळ पर्यटक उटीला मुक्काम करून उटी-कुन्नूर एवढीच फेरी मारतात आणि ‘वाफेची गाडी दिसलीच नाही’ म्हणून हळहळतात. आपण मेट्टुपालयमपासूनचे आरक्षण करावे, आणि आरक्षण खुले होताच करावे, कारण जागा थोड्या आणि मागणी अफाट आहे. गाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते आणि दुपारपर्यंत उटीला पोचते.

मेट्टुपालयम स्थानकावर किमान तासभर आधी पोचा. इंजिन गाडीच्या पुढे नव्हे, मागे लागते आणि डब्यांना खालून वर ढकलते. तुटून मागे घसरण्याचा धोका राहू नये, हा त्यामागचा हेतू. प्रत्येक डब्याच्या टोकाच्या सज्जात एक ब्रेकवाला उभा असतो. कल्लार सोडले की दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या सुरू होतात आणि इंजिनाखालचे दातेरी चाक त्यांत अडकून गाडीला चढवते. तेथील चढ साधारण बारा-साडेबारा फुटांना एक फूट इतका आहे. साध्या रुळांवर नुसत्या चाकांची पकड तेथे पुरणारच नाही. ही इंजिने मूळची स्वित्झर्लंडच्या विंटरटूर येथील कारखान्याची. अलीकडे त्याच धर्तीची नवी इंजिने तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात तयार झाली आहेत. चित्तरंजन कारखान्याने शेवटचे वाफेचे इंजिन १९७२ मध्ये बाहेर काढल्यानंतर इतक्या वर्षांनी आपल्याकडे पुन्हा वाफेची इंजिने घडली, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे. कुन्नूरपर्यंतचे बांधकाम १८९९ मध्ये पूर्ण झाले, उटीपर्यंत गाडी पोचायला १९०८ उजाडले आणि २००५ मध्ये या मार्गाला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. हिलग्रोव्ह स्थानकावर इंजिन पाणी पिण्यासाठी थांबते, तेव्हा खाली उतरून पाय मोकळे करता येतात. मात्र हातात खाऊ दिसला की माकडे तो ओढून नेतात. सासूबाईंना डब्यात चढण्या-उतरण्यासाठी हात द्यावा लागेल, आणि पाच तासांच्या आसपास आखडून बसणे त्यांना झेपेल का, हे आधी पाहावे. नसेल झेपत, तर कुन्नूरला उतरून पुढचा पल्ला मोटारीने करता येईल.

निपाणीला रेल्वे नसल्यामुळे बेळगावला येऊन बंगळूरची रात्रीची गाडी धरावी आणि तेथून कोइमतूर गाठून मेट्टुपालयमला जावे. परतताना उटीहून बसने मैसूरला यावे. वाटेत बंडीपूरचे जंगल लागते आणि रात्री नऊ ते सकाळी सहा त्यातून वाहनांना बंदी असते, म्हणून दिवसाच निघावे. मैसूरच्या रेल्वे संग्रहालयात महाराजांच्या कुटुंबाचे शाही डबे आहेत. १९७९ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय दिल्लीच्या खालोखाल जुने आहे. तेथून बेळगावकडे थेट रेल्वे मिळते.

एवढा लांबचा बेत जमत नसेल, तर हुबळी आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. बेळगावपासून रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर. तेथील रेल्वे संग्रहालय २०२० मध्ये खुले झाले आणि रेल्वेच्या दोन जुन्या बंगल्यांत ते मांडले आहे. बंगल्यांची नावे मलप्रभा आणि घटप्रभा! आपल्याच जिल्ह्यातल्या नद्या दारावर भेटल्या की बेळगावकराला बरे वाटणारच. तेथे वाफ नाही, पण जुनी उपकरणे, सिग्नल, डबे आणि इंजिने जवळून पाहता येतात. हुबळीचा रेल्वे कारखाना सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासूनचा आहे, त्यामुळे या वस्तूंचे आपल्या भागाशी नाते आहे. शिवाय हुबळी स्थानकाचा १,५०७ मीटर लांबीचा फलाट जगातील सर्वांत लांब मानला जातो; मुलींना तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावावा.

प्रश्न : आमच्या शाळेच्या मुलांना कॅसलरॉक स्थानक वारसास्थळ म्हणून दाखवावे आणि तेथून रुळांच्या कडेने दूधसागरपर्यंत चालत न्यावे, असा विचार आहे. याबाबत आपले मत कळवावे.
– एक शिक्षिका, लोंढा

उत्तर : पहिला अर्धा विचार उत्तम आहे; दुसरा तत्काळ सोडून द्यावा. रुळांच्या कडेने दूधसागरला जाणे रेल्वेने निषिद्ध ठरवले असून तसे जाणाऱ्यांवर कारवाई होते. बंदी नसती, तरी आम्ही हा सल्ला दिला नसता. बोगद्यात समोरून गाडी आली, तर बाजूला व्हायला जागा मिळेलच असे नाही, आणि पावसाच्या व धबधब्याच्या आवाजात घाट उतरणारी मालगाडी अगदी जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही.

कॅसलरॉक मात्र मुलांना अवश्य दाखवावे. ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात १८७८ मध्ये झालेल्या करारानंतर मुरगाव बंदर आणि दख्खनचे पठार रेल्वेने जोडण्याचे काम सुरू झाले आणि १८८८ मध्ये गोव्याकडून गाडी घाट चढून येथवर आली. गोवा मुक्त होईपर्यंत हे हद्दीवरचे स्थानक होते. येथे उतारूंचे सामान जकातीसाठी तपासले जाई, आणि पलीकडे कुळे येथे पोर्तुगीजांची तपासणी असे. सीमाभागातल्या मुलांना हद्द म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. पण गाडीतून उतरून पेटी उघडून दाखवावी लागणारी हद्द त्यांनी पाहिलेली नाही, आणि ती येथे उभे राहूनच नीट समजावता येते.

हे संग्रहालय नव्हे, चालते-बोलते स्थानक आहे, हे लक्षात ठेवून आखणी करावी. शाळेच्या पत्राद्वारे हुबळी विभागाच्या रेल्वे कार्यालयाकडून आगाऊ परवानगी घ्यावी, मुलांना फलाटाची सीमा ओलांडू देऊ नये आणि शिक्षकांची संख्या पुरेशी असावी. तेथे पाहायचे काय, हा प्रश्न उरतो. कुळेकडचा उतार सदतीस फुटांना एक फूट असा आहे, आणि रेल्वेच्या मानाने तो अतिशय तीव्र आहे. कीथलीसारख्या मार्गांवर मिरवला जाणारा चढही याच्या जवळपास येत नाही. त्यामुळे वर चढणाऱ्या जड गाडीला मागून ढकलायला जादा इंजिने जोडतात, आणि खाली उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक येथे तपासल्याशिवाय तिला सोडत नाहीत. फलाटावर बसून एक मालगाडी येताना आणि एक घाटात उतरताना पाहिली की घाट म्हणजे काय, ते मुलांना नकाशाशिवाय कळते. वाफेच्या काळात हीच चढण कोळशाच्या इंजिनांनी, फावड्याफावड्याने चढली जात होती, हे त्या वेळी सांगावे. लोंढ्यात निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांची घरे आहेत. त्यांच्यापैकी फायरमन किंवा गार्ड म्हणून काम केलेल्या एखाद्या आजोबांना सोबत नेता आले, तर कोणत्याही मार्गदर्शकाची गरज भासणार नाही.

प्रश्न : मला दम्याचा त्रास आहे. वाफेच्या गाडीत बसण्याची फार इच्छा आहे, पण धुराची भीती वाटते. काय करावे?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : प्रथम आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि नेहमीचे औषध खिशात ठेवावे. त्यांनी होकार दिला, तर जागा निवडताना इंजिन कोणत्या टोकाला आहे ते पाहावे. कीथलीसारख्या मार्गावर इंजिन पुढे असते, म्हणून शेवटचा डबा घ्यावा. उटीच्या गाडीत ते नेहमी उताराकडच्या टोकाला असते, म्हणजे वर जाताना पहिला आणि खाली येताना शेवटचा डबा इंजिनापासून सर्वांत दूर राहतो. बोगदा येण्यापूर्वी खिडकी लावून घ्यावी, आणि गाडी उभी असताना धुराड्याच्या वाऱ्याखालच्या बाजूला उभे राहू नये. खिडकीतून डोके बाहेर काढण्याचा मोह तर कोणीच करू नये. कोळशाची कणी डोळ्यात गेली, तर तो चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा.